अक्कांचं बिकॉज

गुरुवारी सकाळी सुमनताईंचा फोन आला तेव्हा मी गोकुळ शिरगावला, कारखान्याच्या फाटकाशी मोटारसायकल लावत होतो. "अक्का गेल्या," त्या म्हणाल्या. "बारापर्यंत या." आणि फोन ठेवला. लावलेली गाडी परत काढली, परत लावली, साहेबांना सांगायला आत गेलो आणि न सांगताच बाहेर आलो. डोक्यात एकच होतं... रविवार. येत्या रविवारी येतो असं मी अक्कांना कळवलं होतं. त्याच्या आधीच्या रविवारीही येतो म्हणालो होतो, आणि त्याच्याही आधीच्या. त्यांना एक गोष्ट सांगायची होती. बारा वर्षं सांगायची होती. दर वेळी पुढचा रविवार अगदी हाताशी आहे असं वाटायचं.

अक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या, लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून नेतात. कपाळभर विभूती लावलेल्या अक्का खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि गर्दीत मागे उभा राहून मी मनात म्हणत होतो, बघा, पाठ अजून सरळ आहे. टाइपिंगला बसलेल्या पोरांना पाठ सरळ ठेवा म्हणून त्यांनी आयुष्यभर दटावलं. बेलाचं पान वाहिलं, पण रडू आलं नाही. रडण्याऐवजी मला कुठंतरी निघून जावंसं वाटत होतं. हा माझा जुना स्वभाव. एका जागी बसवत नाही, आणि जिथं बसायलाच हवं तिथं तर मुळीच नाही.

महाद्वार रोडच्या एका बोळात, भांड्यांच्या दुकानावर अक्कांची टाइपिंग इन्स्टिट्यूट होती. लाकडी जिना, वर दोन खोल्या, चौदा मशिनं. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात ज्याला नोकरी हवी तो आधी टाइपिंगला जायचा. पदवी मागाहून यायची, इंग्रजी थर्टीचं, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांचं, सर्टिफिकेट आधी. चौदा मशिनं एकदम चालू झाली की खालच्या दुकानातली पातेली थरथरायची, आणि दुकानदार महिन्यातून एकदा वर येऊन भांडून जायचा. अक्का त्याला कानडीत उत्तर द्यायच्या. त्याला कानडी येत नव्हतं, त्यामुळे भांडण लवकर मिटायचं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची आमची कुणाची छाती झाली नाही. मुलांना त्या ‘तम्मा’ म्हणायच्या, मुलींना ‘तंगी’, म्हणजे धाकटा भाऊ, धाकटी बहीण.

अक्कांच्या इन्स्टिट्यूटमध्ये ‘सिन्सियर’ या शब्दाला एक वेगळंच वजन होतं, आणि त्याला कारण एक फजिती. मी यायच्या आधीची, पण आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ असलेली. नोकरीच्या अर्जाचा एक नमुना तिथल्या भिंतीवर चिकटवलेला असायचा. त्याची शेवटची ओळ, ‘आय अ‍ॅम अ सिन्सियर अँड हार्डवर्किंग पर्सन.’ सगळे तो नमुना डोळे मिटून उतरवायचे. एकदा एका साखर कारखान्यात क्लार्कच्या जागेसाठी अक्कांची अकरा पोरं गेली. अकरा अर्ज, अकरा शेवटच्या ओळी, काना-मात्रेचा फरक नाही. तिथल्या साहेबानं प्रत्येकाला आत बोलावून एवढंच विचारलं, सिन्सियर म्हणजे काय? कुणी कष्टाळू म्हणालं, कुणी गरीब. शेवटी एका पठ्ठ्यानं खरं ते सांगून टाकलं, "सायेब, ते अर्जात असतंयच की." साहेब हसला, आणि अक्कांना निरोप पाठवला की तुमची पोरं टाइपिंगला उत्तम आहेत, पण पुढच्या वेळी एखाद्या पोराला तरी तो शब्द कळू द्या.

निरोप ऐकून अक्का दोन दिवस वर आल्याच नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी आल्या, भिंतीवरचा नमुना फाडला आणि एक जाड, लाल कापडी बांधणीची वही टेबलावर ठेवली. तेव्हापासून कायदा सुरू झाला. अर्जात सिन्सियर घालायचं असेल तर आधी वहीत त्या शब्दाची तीन वाक्यं लिहायची. वाक्य आपल्या ओळखीच्या माणसाबद्दल हवं. त्यात बिकॉज हवं, आणि बिकॉजच्या पुढं प्रत्यक्षात घडलेलं काहीतरी हवं, नुसता दुसरा गोड शब्द चालणार नाही. आणि शेवटचं, सगळ्यांत अवघड... ते वाक्य ज्याच्याबद्दल आहे त्याच्या तोंडासमोर वाचून दाखवायचं. तीन झाली की चौथी ओळ अक्का स्वतःच्या हातानं लिहायच्या. ती त्या मुलाबद्दलची. मग तो शब्द त्याचा झाला, अर्जात खुशाल वापरावा.

या कायद्यानं काय काय गमती केल्या. करवीर तालुक्यातल्या एकानं आपल्या म्हशीबद्दल लिहून आणलं, ‘माय बफेलो इज सिन्सियर बिकॉज शी गिव्हज मिल्क डेली.’ आम्ही हसलो, पण अक्कांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, दूध देते हे खरं, पण मनापासून देते का ते तुला ठाऊक आहे का? सिन्सियर हा हातांचा शब्द नव्हे, पोटातला आहे. दुसऱ्या एका मुलीनं आपल्या आजीसाठी थांबलेल्या एसटी कंडक्टरवर वाक्य केलं आणि ते वाचून दाखवायला ती चार दिवस स्टँडवर त्याला शोधत होती. पाचव्या दिवशी सापडला. तिनं वाचलं, त्याला इंग्रजी कळलं नाही, तिनं मराठीत सांगितलं, आणि तो बापडा तिकिटांची पेटी हातात धरून तसाच उभा राहिला, म्हणे. अक्का म्हणाल्या, आता हे वाक्य पूर्ण झालं. हाच शब्द ‘अपॉलॉजी’च्याही आधी लागतो, असंही त्या सांगायच्या. सिन्सियर अपॉलॉजी. पण त्यालाही नियम तोच. माणूस समोर पाहिजे.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिथं दाखल झालो. माझी बोटं पळायची. तीन महिन्यांत फॉर्टीचा वेग आला, आणि आपण फार कोणीतरी आहोत असं मला वाटायला लागलं. वाक्यं मात्र होईनात. म्हणजे मी ती करायलाच बसलो नाही. उद्या करू, परवा करू. "तम्मा, बोटं पळत्यात तुझी, पर बूड हाय का तुला?" असं अक्का विचारायच्या, सगळे हसायचे, आणि मीही हसायचो.

सुमनताई तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांच्या असतील. गगनबावड्याच्या बाजूच्या, बारावी झालेल्या, लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेलेला. तीन वर्षांची मुलगी सासरी ठेवून, कोल्हापुरात मावशीकडं राहून त्या टाइपिंग शिकत होत्या. हळू होत्या, पण चुकत नव्हत्या. त्यांची तीन वाक्यं केव्हाच झाली होती, चौथी ओळही अक्कांनी लिहिली होती. इचलकरंजीच्या एका सूतगिरणीच्या ऑफिसात टायपिस्टची जागा निघाली. राहायला खोलीही मिळणार होती, म्हणजे मुलीला जवळ आणता येणार होतं. अर्ज शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत हातोहात पोचवायचा होता. नेमके त्याच आठवड्यात सुमनताईंचे सासरे आजारी पडले आणि त्यांना गावी जावं लागलं. अक्कांनाही भावाकडं गडहिंग्लजला जायचं होतं. सही केलेला कोरा कागद आणि माहितीची चिठ्ठी सुमनताई ठेवून गेल्या होत्या. अक्कांनी दोन्ही माझ्या हातात दिलं. तू टाइप कर आणि तूच नेऊन दे, म्हणाल्या. चौदा मशिनांवर चौदा जण असताना मलाच सांगितलं याचा मला अभिमान वाटला होता. तो अजून आठवतो, आणि म्हणूनच पुढचं जास्त टोचतं.

अर्ज मी दहा मिनिटांत टाइप केला. एक चूक नाही. शेवटची ओळ सिन्सियरची, आणि ती लिहिण्याचा सुमनताईंना पुरा हक्क होता. पाकीट शर्टाच्या आत ठेवलं आणि निघालो. त्या दुपारी दोन पेठांच्या तालीम संघांची फुटबॉलची फायनल होती. कोल्हापुरात जन्मलेल्याला याचा अर्थ सांगायला नको. अर्धा खेळ बघू, मध्यंतराला स्टँडवर जाऊ, तासाभरात इचलकरंजी, असा हिशेब केला. मध्यंतराला उठलो नाही. बरोबरी होती. जादा वेळ झाला, तरी बरोबरी. मग पेनल्टी... आता उठतो, आता उठतो, करत मी शेवटचा गोल होईपर्यंत लोकांच्या खांद्यांवरून बघत होतो. सूतगिरणीच्या फाटकावर पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. ऑफिसला कुलूप होतं. रखवालदारानं पाकीट घेतलं, सोमवारी देतो म्हणाला. ते घामानं ओलं झालं होतं, आणि माझ्या छातीशी दुमडून त्याला मधोमध घडी पडली होती. सोमवारी अक्कांनी विचारलं, दिलास? मी म्हणालो, दिला.

सुमनताईंना बोलावणं आलं नाही. नोकरी मिळालीच असती असं कुणी सांगावं, पण बोलावणं तरी आलं असतं. महिन्याभरानं अक्कांनी त्यांना इन्स्टिट्यूटमध्येच ठेवून घेतलं, आधी मशिनं पुसायला, रिबिनी बदलायला, मग शिकवायला. मला सुटल्यासारखं झालं. झालं की सगळं नीट, असं मी स्वतःला सांगितलं. मुलगी कुठं आहे हे मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पुण्यात एका कंपनीत जागा होती. त्यांना ओळखीच्या माणसाचं पत्र हवं होतं. अक्कांच्या पत्राला तेव्हा गावात मान होता, कारण तो एक शब्द त्या उगाच कुणाला देत नसत. मी गेलो. अक्कांनी स्वतः मशिनवर कागद चढवला आणि माझ्यादेखत पत्र टाइप केलं. फास्ट, अ‍ॅक्युरेट, इंटेलिजंट. सगळं खरं होतं. शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या.

"सिन्सियर घाला की अक्का," मी म्हणालो.

त्यांनी टाइप केलं, ‘ही इज सिन्सियर बिकॉज’... आणि थांबल्या. बोटं कळांवर तशीच. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बिकॉज? पुढचं तू सांग तम्मा, मी टाइप करते."

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला ऐकू येत होता. चौदा मशिनांच्या त्या खोलीत घड्याळ कधी ऐकू येत नसे. कोपऱ्यात सुमनताई रिबीन बदलत होत्या, त्यांच्या बोटांना शाई लागली होती. अक्कांनी किती वाट पाहिली कुणास ठाऊक. मग कागद काढून बाजूला ठेवला, दुसरा चढवला, त्या ओळीशिवाय पत्र पुन्हा टाइप केलं आणि सही करून माझ्या हातात दिलं. मी जिना उतरलो तो रागानं फणफणत. एवढीशी ओळ, काय बिघडत होतं, म्हातारीचा नखरा. सगळ्या रस्त्यानं हेच. खरं तर मला भीती वाटत होती. त्यांना ठाऊक आहे की नाही?

पुण्यातली नोकरी मिळाली. दोन वर्षांत सोडली. मग नाशिक, मग पुन्हा पुणे, मग कुठल्याशा कंपनीचा फिरता माणूस. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. ती सांगलीची, सौम्य बोलते. दिवाळीला कोल्हापुरात आलो की महाद्वार रोडवरून जायचो, बोळाच्या तोंडाशी चपला रेंगाळायच्या आणि पुढं जायच्या. शेवटी आईच्या आजारपणामुळं कायमचा परत आलो तेव्हा बोळातला आवाज बंद झाला होता. वर तीन मशिनं उरली होती आणि चार कॉम्प्युटर आले होते. पोरांना एमएस-सीआयटी शिकवायला सुमनताई होत्या. अक्का खिडकीपाशी बसायच्या आणि कीबोर्डवर वाकलेल्या पोरांना पाठ सरळ करायला लावायच्या. मी दिसताच म्हणाल्या, "आलास व्हय? तीन वाक्यं राहिल्यात तुझी."

नंतर अक्कांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी शेवटचा भेटलो तेव्हा त्या घरी पलंगावर होत्या, हात काळेनिळे झालेले. सुमनताई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या, थापल्याचा आवाज येत होता. सांगायची वेळ तीच होती. मी सुरुवातही केली, "अक्का, मागं एकदा सुमनताईंचा तो अर्ज..." त्यांनी डोळे उघडले आणि बोट ओठांवर ठेवलं. "मला सांगून काय उपयोग?" म्हणाल्या. "ती आत हाय." मग दमल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रविवारी ये. वही काढून ठेवते." मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. सुमनताईंनी मान वर करून विचारलं, "च्या टाकू?" मी नको म्हणालो आणि निघून आलो. रविवारी येतो, म्हणालो.

अक्कांच्या मागचे विधी सगळे उरकल्यावर एका रविवारी मी तो जिना चढलो. मुद्दाम ठरवून नव्हे. घरात बसवेना, म्हणून. क्लास बंद होता, सुमनताई एकट्याच मशिनं पुसत होत्या. मी खिशातून कागद काढला. आदल्या दिवशी चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलेला. वाक्यं वाचायची आहेत, म्हणालो. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि अक्कांची खुर्ची सोडून शेजारच्या स्टुलावर बसल्या.

पहिलं वाक्य मी वाचलं. ‘अक्का वॉज सिन्सियर बिकॉज शी वेटेड विथ हर फिंगर्स ऑन द कीज.’ दुसरं, ‘सुमनताई इज सिन्सियर बिकॉज शी स्टेड.’ मग तिसरं, ‘आय वॉज नॉट सिन्सियर बिकॉज आय वेंट टू सी द फुटबॉल मॅच.’ आणि मग मराठीत सगळं सांगितलं. पेनल्टीसकट.

त्या उठल्या. कपाटातून लाल वही काढली, माझ्या नावाचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. पान कोरं होतं. त्याला टाचणीनं एक पाकीट लावलं होतं. मधोमध घडी, कडेला घामाचा पिवळा डाग, वर सूतगिरणीचा शिक्का, मुदतीनंतर मिळाल्यानं परत.

"पंधरा दिवसांत परत आलतं," सुमनताई म्हणाल्या. "अक्कांनी मलाच उघडायला दिलं."

बारा वर्षं त्यांना ठाऊक होतं. दोघींनाही. मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"मी बोलणार हुते. चांगली वाजवणार हुते तुमची. माझी पोरगी दोन वर्सं गावाकडं ऱ्हायली, मला बघून रडायची, माझ्याकडं यायची न्हाय." त्या हे शांतपणे सांगत होत्या. "अक्का म्हणाल्या, थांब. त्यो सांगंल. दर दिवाळीला म्हणायच्या, औंदा सांगंल बघ."

मला तिथं बसवेना आणि उठवेना. सॉरी म्हणालो. दोनदा म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं, काही नाही असं म्हणाल्या नाहीत, आणि ते बरं झालं. मग त्यांनी माझा कागद घेतला, पेन घेतलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यासमोर बरोबरची खूण केली. पहिल्या वाक्यावर आडवी रेघ मारली.

"ह्ये बाद," त्या म्हणाल्या. "ज्यांचं हाय त्या ऐकायला कुटं हायत? एक वाक्य कमी पडलं. पुढल्या रविवारी आणा. जित्या माणसाचं आणा."

तेव्हापासून दर रविवारी जातो. आईबद्दल लिहून नेलं, सुमनताईंनी विचारलं, आईला वाचून दाखवलंत? नव्हतं दाखवलं. बायकोबद्दल लिहिलं, त्यात बिकॉजच्या पुढं नुसतीच चांगुलपणाची विशेषणं निघाली. बाद. पाकीट अजून माझ्या पानालाच टाचलेलं आहे. तीन पुरी झाली की टाचणी काढू, म्हणतात. अक्का नाहीत, तेव्हा चौथी ओळ लिहायची झाली तर त्याच लिहिणार. लिहितील की नाही, ते मी विचारलेलं नाही.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी अक्कांवर लिहा, असा निरोप आला म्हणून हे लिहायला बसलो. एका जागी इतका वेळ मी पहिल्यांदाच बसलो असेन. लिहून झालं तेव्हा लक्षात आलं की अक्कांच्या कायद्यानं ही पानंच्या पानं बाद आहेत, कारण ऐकायला त्या नाहीत. आज शनिवार. बायको आत भाजी निवडते आहे. तिच्याबद्दलचं वाक्य पुन्हा लिहिलंय, या वेळी बिकॉजच्या पुढं माझ्या आईचं आजारपण तिनं काढलं त्या सात महिन्यांतला एक दिवस आहे. कागद हातात आहे. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मी आलोय.